डॅशबोर्डातून माझी सुटका

मित्रांनो, नुसता टेबलावर ठेवला तर मी तुम्हाला ओळखू येणार नाही. तुम्ही म्हणाल, हा कसला काळा डबा? पुढे बटणं, मागे वायरींची शेंडी! पण मला माझ्या जागी बसवलं की मग माझा रुबाब बघा. मी एक जुना स्टीरिओ आहे, गाडीतला. आणि मला बाजारातून आणून गाडीत बसवलेलं नाही बरं का. गाडी ज्या कारखान्यात तयार झाली, तिथूनच मी तिच्याबरोबर बाहेर पडलो.

माझा चेहरा सरळ चौकोनी नाही. डावीकडे जरा फुगीर आणि उजवीकडे उतरता आहे, कारण त्या गाडीच्या डॅशबोर्डाचा उतारच तसा होता. अंधार पडला की माझी अक्षरं हिरवी उजळत, आणि वेगाच्या काट्यामागचा दिवाही तस्साच हिरवा. आम्ही एका आईची लेकरं दिसायचो. त्यामुळे लहानपणापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की ही जागा माझी, आणि गाडी आहे तोवर मला इथून कोणी हलवणार नाही.

ज्यांनी आमची गाडी घेतली, त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर मान वाकवून ते काचा घासायचे, काड्यांचे बारीक स्क्रू पिळायचे. घरी त्यांना सगळे बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो. चष्मा पुसायचं मऊ फडकं त्यांच्या खिशात कायम असे आणि सिग्नलला गाडी थांबली की त्याच फडक्याने ते माझा चेहरा पुसत. इतके लाड फार थोड्या स्टीरिओंच्या वाट्याला आले असतील.

त्यांची बायको पोहायला शिकवायची. तिचा आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठाला जाई. आजी, म्हणजे बाबांची आई, मला शेवटपर्यंत ‘टेप’ म्हणत राहिली. माझ्यात टेप घालायची सोयच नव्हती, पण आजीला कोण सांगणार? आणि मग छकुली आली. तिला दवाखान्यातून घरी आणताना बाबांनी माझा आवाज इतका कमी ठेवला होता की माझा मलाच ऐकू येईना. पुढे कित्येक महिने एक गंमत चालली. छकुली रडायला लागली की बाबा तिला गाडीत घेऊन बसत आणि दोन स्टेशनांच्या मधली खरखर लावत. गाणं नाही, अंगाई नाही, नुसती खरखर! आणि ती शहाणी पोर त्या खरखरीवर गाढ झोपून जाई.

जरा मोठी झाल्यावर तिने माझ्या सीडीच्या फटीत चॉकलेटची काडी घातली. नंतर केसांची क्लिप घातली. घशात क्लिप अडकल्यावर आवाज कसा लागणार? सीडी वाजवणं बंद झालं ते तेव्हापासून. पण रेडिओ चालत होता. बातम्या, गाणी, सामन्यांचं धावतं वर्णन. बाबांचं त्यावर भागत होतं.

मग घरात फोन आले. मागच्या सीटवर प्रत्येकाच्या कानात आपापलं गाणं वाजू लागलं. छकुलीच्या आईने एकदा एक बोटभर उंचीचा स्पीकर आणला आणि पाण्याची बाटली ठेवतात तिथे, अगदी माझ्या नाकाखाली, ठेवला. मित्रांनो, मी माझी गाणी वाजवत राहिलो. पण वाईट वाटलं.

त्यातच माझं गोल बटण बिघडलं. आवाज कमी-जास्त करायचं ते बटण आतून झिजलं होतं. डावीकडे फिरवलं की आवाज कमी व्हायला हवा ना? तो कधी कमी होई, कधी एकदम चढे. मी हळू बोलायला जावं आणि तोंडातून आरोळी निघावी, तसं व्हायचं. सगळे दचकत. मला लाज वाटे, पण माझा इलाज नव्हता.

“अहो, आता तरी बदला याला,” छकुलीची आई म्हणायची. “नवीन मोठ्या पडद्याचा बसवू. त्याला मागचा कॅमेरा जोडता येतो. तुमची मान वळते का आता? गाडी मागे घेताना नुसते आरशात बघता.”

बाबांची मान खरंच वळत नव्हती. वर्षानुवर्षं काचांवर वाकून ती आखडली होती. पण ते ऐकतील तर शपथ!

“कंपनीचं ते कंपनीचं,” ते म्हणत. “बाहेरचं बसवायचं म्हणजे वायरी कापणार, डॅशबोर्डाला चरे पाडणार. चांगला चालतोय की.”

“चांगला? काल सिग्नलला केवढ्याने ओरडला. शेजारच्या स्कूटरवाल्याची बोबडी वळली.”

“वय झालंय त्याचं. आपलंही होणार आहे.”

अशी बाबा माझी बाजू घेत. ते ऐकून माझी छाती फुगायची. आपल्यासाठी कोणीतरी भांडतंय, याहून मोठं सुख कोणतं? पण त्या सुखाखाली केवढा धोका दबा धरून बसलाय, हे ना त्यांच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

सुट्टीची सकाळ होती. बाबांना केस कापायला जायचं होतं. आमची गाडी घराखालच्या अरुंद गल्लीत, भिंतीला तोंड करून उभी असे, त्यामुळे निघताना ती मागेच घ्यावी लागे. सामना अगदी रंगात आला होता. बाबांनी गाडी सुरू केली, मला लावलं, आरशात पाहिलं. गल्ली मोकळी होती.

मोकळी नव्हती, मित्रांनो. गाडीच्या अगदी मागे, आरशाच्या खाली, छकुली उकिडवी बसली होती. एक मांजराचं पिल्लू गाडीखाली शिरलं होतं आणि ती हात पुढे करून त्याला बोलावत होती.

बाबांनी रिव्हर्स टाकला. छकुलीची आई दारातून ओरडली. तोच तो तलाव ओलांडणारा आवाज! बाबांना काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी माझा आवाज कमी करायला हात पुढे केला आणि बटण डावीकडे फिरवलं.

आणि माझा आवाज चढला. कोणीतरी बाद झालं होतं, प्रेक्षक बेभान ओरडत होते, आणि ती सगळी गर्दी माझ्या तोंडातून गाडीत फुटली. दारातली हाक त्यात बुडून गेली. चाकं फिरू लागली. मला सगळं कळत होतं आणि काहीही करता येत नव्हतं.

तेवढ्यात टपावर धाडकन काहीतरी आदळलं!

बाबांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी गचका खाऊन थांबली. काचेवरून पाणी वाहू लागलं. वरच्या खिडकीत कुंड्यांना पाणी घालणाऱ्या आजीने हातातली पत्र्याची झारी, पाण्यासकट, सरळ गाडीच्या टपावर फेकली होती.

मित्रांनो, मी आयुष्यभर संगीत वाजवलं. एकाहून एक गोड गळे माझ्यातून गेले. पण त्या झारीच्या आवाजाइतका गोड आवाज मी दुसरा ऐकलेला नाही.

बाबांनी मला बंद केलं, इंजिन बंद केलं. दार उघडून ते खाली उतरले. तेवढ्यात छकुलीच मागून चालत पुढे आली. पिल्लू तिच्या छातीशी होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “आजीने झारी का फेकली?”

बाबा खाली वाकले. त्यांनी तिला पिल्लासकट उचललं आणि तसेच उभे राहिले. छकुलीची आई धावत आली. तिने छकुलीचे हात पाहिले, पाय पाहिले, मग पुन्हा हात पाहिले. वरून आजीचा आवाज आला, रडका आणि रागावलेला.

“अरे, जगाला चष्मे देतोस आणि तुला स्वतःला मागचं दिसत नाही? टाक काढून ती टेप!”

त्या दिवशी बाबांचे केस कापायचे राहिले. छकुलीच्या आईने एका शब्दाने त्यांना टोचलं नाही. जेवताना बाबाच म्हणाले म्हणे, “उद्या माझं दुकान उघडायच्या आधी स्टीरिओ बदलून येऊ.” हे मला दुसऱ्या दिवशी गाडीत त्यांच्या बोलण्यातून कळलं.

तुम्हाला वाटेल, मला दुःख झालं असेल. थोडं झालं. पण खरं सांगू? आदल्या दिवसापासून मला एकच धास्ती होती, बाबा पुन्हा माझी बाजू घेतील की काय! त्यांनी ती घेतली नाही, आणि माझा जीव भांड्यात पडला.

ज्या दुकानात आम्ही गेलो, तिथली वायरिंगचं काम करणारी ताई मोठी बोलकी होती. तिने पातळ प्लास्टिकची पट्टी माझ्या चौकटीच्या फटीत सरकवली तसे बाबा पुढे झाले.

“ताई, जपून हं. आणि वायरी कापू नका.”

“कापतंय कोण, दादा? कंपनीच्या सॉकेटात बसणारा जोड मिळतो बाजारात. एका बाजूला तुमची गाडी, दुसऱ्या बाजूला नवा स्टीरिओ. उद्या वाटलं तर हाच परत बसवता येईल. तुम्ही तिकडे बसून चहा घ्या बघू, माझ्या डोक्यावर उभे राहू नका.”

बाबा चहा घ्यायला गेले नाहीत. तिथेच घुटमळत राहिले.

टक, टक, टक. चौकट निघाली. चार स्क्रू सुटले आणि मी पहिल्यांदाच बाहेर सरकलो. ताईने मागचा सॉकेट दाबून ओढला, रेडिओच्या एरियलची वायर काढली. वर्षानुवर्षं पाठीला चिकटलेली गाडी सुटली. मला वाटलं होतं, आता सगळं संपेल. तसं काही झालं नाही. नुसतं हलकं वाटलं. ताईने मला पुढच्या सीटवर फडक्यावर ठेवलं आणि तिथून मी आयुष्यात प्रथमच माझी जागा समोरून पाहिली. एक भोक होतं, आत धूळ होती. बास.

मग नवा आला. तरणाबांड, चेहरा म्हणजे सगळा काचेचा पडदा. त्याच्याभोवती आमच्या डॅशबोर्डाच्या उतारात बसेल अशी वेगळी चौकट होती. ताईने त्याला जोडाला जोडलं, एक वायर पार मागे नेली, नंबरपाटीच्या वर कॅमेरा बसवला. मनातल्या मनात मी नावं ठेवत होतो. भडक आहे, उपरा आहे, गाडीला शोभत नाही.

“बघा आता,” ताई म्हणाली. “इंजिन चालू नका करू. नुसती चावी फिरवा, ब्रेक धरून ठेवा आणि रिव्हर्स टाका.”

बाबांनी रिव्हर्स टाकला. पडद्यावर मागचं सगळं अंगण उभं राहिलं. दुकानाची पायरी, टायरांची चळत, आणि त्या टायरांसमोर आईचं बोट धरून उभी असलेली छकुली. ती कॅमेऱ्याला जीभ काढून दाखवत होती. मग खाली बसली, अगदी उकिडवी. तरीही दिसत होती. सगळी दिसत होती, रिबिनीसकट.

“दिसतेय का?” छकुलीच्या आईने मागून विचारलं.

“दिसतेय,” बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा तेवढंच म्हणाले, “दिसतेय.”

मित्रांनो, माझी नावं ठेवायची हौस तिथेच फिटली. मी जे कधीच करू शकलो नसतो, ते तो पोरगा आल्या आल्या करत होता. बस रे बाबा, म्हटलं, तूच बस. जागा तुझी.

बाबा मला काखेत मारून निघाले होते, पण ताईने अडवलं.

“घरी नेऊन काय कराल? माळ्यावर टाकाल, धूळ खाईल. माझ्याकडे एक पाववाल्या बाई येतात, त्यांची अगदी अशीच गाडी आहे. चोराने स्टीरिओ नेला. डॅशबोर्डाला एवढं भगदाड पडलंय, म्हणतात नुसता वारा ऐकत फिरते मी. त्यांना पडदाबिडदा नको, कंपनीचाच हवाय.”

“पण याचं बटण...”

“बटण बदलीन की. बटण बदलता येतं, दादा.”

बाबांनी मला एकदा फडक्याने पुसलं आणि तिच्या हातात दिलं. जाताना मागे वळून पाहायची त्यांना इच्छा होती, पण मान वळेना. मग ते अख्खे वळले, माझ्याकडे पाहून हसले आणि गेले.

ताईने मला उघडलं. घशातून काडी काढली, क्लिप काढली, आतली धूळ ब्रशने झाडली, झिजलेलं बटण काढून नवं लावलं. मग पाववाल्या बाईंच्या डॅशबोर्डात मी टक्कन बसलो. तोच उतार, तोच हिरवा दिवा! बाई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, मला लावलं आणि म्हणाल्या, “चला, सोबत झाली.”

आता आमचा दिवस तांबडं फुटताना सुरू होतो. मागच्या सीटवर पावांच्या पाट्या असतात. गाडीभर ऊबदार वास असतो. बाईंना बातम्यांशी भांडायची सवय आहे. मी काही सांगितलं की त्या म्हणतात, “हो का? काल तर वेगळंच सांगत होतास!”

मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी वस्तू बदलायची वेळ आली, तर खुशाल बदला. तिच्या मायेपोटी माणसांना धोक्यात घालू नका. आम्हाला ते नको असतं. फक्त काढताना ओरबाडू नका. आमच्या वायरी कापू नका, बिघडलेलं दुरुस्त करून घ्या, आणि आमची कोणाला गरज आहे का, ते एकदा विचारून बघा. आणि गाडीत बसलेल्या मोठ्यांना सांगा, गाडी मागे घेताना आम्हाला अगदी गप्प करत जा. आम्ही रागावणार नाही.

आता थांबतो. बाई पाटी ठेवून परत येताहेत, आणि बातम्यांची वेळ झाली आहे.