पारोळ्याचे रविवार

चंचलच्या फ्रॉकच्या उजव्या खिशावर तेलाचा डाग होता. गोल, रुपयाच्या नाण्याएवढा. कडा फिकट झालेल्या, म्हणजे तो एकदा तरी धुण्यात गेला होता. डाव्या खिशावर काही नव्हतं.

"हा कशाचा गं?" कुसुमलताने विचारलं.

"शाळेतला." आठ वर्षांच्या चंचलने खिशावर हात ठेवला. "बाई, तुझं घड्याळ पुढे आहे. स्टँडवरचं बाराच दाखवतंय."

"ते बंद आहे. मागच्या महिन्यातही बाराच दाखवत होतं."

चंचल हसली. आईला ती बाईच म्हणायची.

पारोळ्याच्या एसटी स्टँडमागे धर्मशाळेच्या ओट्यावर दोघी बसल्या होत्या. आई धुळ्याहून येई, मुलगी जळगावहून. कुसुमलता आणि महावीर वेगळे झाले तेव्हा जैन समाजाच्या पंचांनी ठरवून दिलं होतं: महिन्याचा दुसरा रविवार, आणि पोर सूर्यास्ताआधी घरी. चंचलची आजी भंवरीबाई सूर्य बुडाल्यावर घरात कुणाला घास खाऊ देत नसत. पंच बसले ते जूनमध्ये. तेव्हा सात वाजून गेले तरी उजेड असायचा. कुसुमलताने मान डोलावली होती. धुळ्यातल्या देवपूरच्या शाळेत ती मुलांना दिवस लहान का होतो ते दरवर्षी शिकवत होती, आणि त्या दिवशी तेवढंच तिला आठवलं नव्हतं. आता डिसेंबर होता. सूर्यास्त पाच पन्नासला.

दिवाळीत महावीरचा निरोप आला होता: रविवार बंद करू, त्याऐवजी मे महिन्यात आठ दिवस ठेवून घे. दर खेपेला चार, म्हणजे बारा रविवारांचे तास अठ्ठेचाळीस, आठ दिवसांचे एकशे ब्याण्णव. गणितात शंका नव्हती. पण मध्ये अकरा महिने होते, आणि या वयाचं पोर अकरा महिन्यांत किती विसरतं, हे तिला मोजता येत नव्हतं. नोव्हेंबरात तिने "पुढच्या खेपेला सांगते" म्हणून वेळ मारून नेली होती.

तीनची गाडी लागली. पोरीला ने-आण करणारे म्हातारे मुनीम जीवराम तिला खिडकीशी बसवून खाली उतरले.

"शेठनी आजबी इचारेल शे, भाभी."

"पुढच्या खेपेला—"

जीवरामांनी आवाज उतरवला. "मागला खेपले एरंडोलले गाडी पंक्चर व्हयनी. घर गऊत तवय दिन बुडी गयथा. पोर भुकीच झोपनी."

"डब्यात पुऱ्या दिल्या होत्या मी."

"एक खिसामा लपाडी व्हती तिनी. भंवरीमाजीनी काढीसन गायले टाकी दिनी." ते जमिनीकडे बघत राहिले. "पोर म्हने, बाईले सांगू नका. सांगं तं येनं बंद व्हई."

कंडक्टरने घंटी ओढली. जीवराम पायरीवर चढले.

"बाई, मला संध्याकाळी भूक लागतच नाही," चंचल खिडकीतून म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

कुसुमलताने गजांतून हात घालून तिच्या खिशाची दुमडलेली कड सरळ केली. गाडी हलली. चार पावलं ती बरोबर चालली.

"जीवरामभाऊ," ती म्हणाली, "शेठना सांगा, रविवार बंद करा. मेमध्ये पाठवा."