'मोठा' या नोंदीतली अकरा वाक्यं

आमच्या कचेरीत समानार्थी शब्दांचा कोश तयार होतो आणि मी तिथे एकतीस वर्षं शब्द निवडते. लोकांना वाटतं, काय ते काम, खुर्चीत बसून शब्दाला शब्द लावायचा. लावून बघा म्हणावं. टोलेजंग इमारत असते, टोलेजंग बाई नसते. अफाट गर्दी चालते, अफाट टेबल चालत नाही. अजस्र म्हटलं की थोडी भीती वाटायला हवी. आणि अगडबंब म्हटलं की ऐकणारा हसलाच पाहिजे, नाहीतर शब्द चुकला. एवढं सगळं मला कळतं. उंटावरचा शहाणा म्हणतात ना, ती मी.

आमची पद्धत अशी. एका शब्दाला एक कार्ड, आणि कार्डावर एक वाक्य. वाक्य मनाने रचलेलं चालत नाही, कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं लागतं. तेव्हाचे संपादक रचलेलं वाक्य वासावरून ओळखायचे आणि कार्ड परत टेबलावर आणून टाकायचे. आम्ही त्यांना चाळणी म्हणायचो. त्यांच्यापायी आम्हा सगळ्यांना एक खोड लागली. कुणी बोलायला लागलं की कान त्याच्याकडे आणि हात पेन्सिलीकडे. बसमध्ये, दवाखान्यात, जेवणाच्या टेबलावरसुद्धा.

नऊ वर्षांपूर्वी 'मोठा' ही नोंद माझ्याकडे आली. अकरा शब्द, आणि छपाईला चार दिवस. माझी वाक्यं चाळणीने दोनदा परत केली. तिसऱ्या दिवशी वैतागून मी घरची टिपणवही उघडली. तिच्यात पानोपानी माझी ताई होती.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. ती एका इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कामाला होती. ओल्या चादरींचा जो गठ्ठा दोन बायका मिळून उचलायच्या, तो ती एकटी उचलायची. उंची, खांदे, पोट, देवाने कुठे हात आखडता घेतलाच नव्हता. दर रविवारी माझ्याकडे जेवायला यायची, मला 'बारके' म्हणायची, आणि स्वतःच्या आकाराचे किस्से स्वतःच सांगून आम्हाला हसवायची. ती बसली आणि खुर्चीने जीव सोडला. मापाचा ड्रेस मिळेना, म्हणून पडद्याचं कापड आणून शिवला. आम्ही हसून हसून लोटपोट व्हायचो.

एकच गोष्ट तिने हसत सांगितली नव्हती. चादरी न्यायला गाडी घेऊन एक ड्रायव्हर यायचा, तो तिला आवडायचा. एकदा त्याने तिला पाठमोरी पाहिलं आणि म्हणाला, ओ दादा, जरा बाजूला व्हा. हे तिने भांडी घासताना, माझ्याकडे न बघता सांगितलं. कुणाला बोलू नकोस, असंही म्हणाली.

मी ते 'धिप्पाड'ला लावलं. अकराच्या अकरा वाक्यं ताईची. नाव कुठेच नव्हतं, मला वाटलं, कुणाला काय कळतंय. चाळणीने कार्डं वाचली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाले की ही वाक्यं जिवंत आहेत. मी दिवसभर हवेत होते. मूर्ख बाई.

कोश आला त्याच दिवशी ताईने विकत घेतला आणि धाकट्या बहिणीचं काम दाखवायला लॉन्ड्रीत नेला. पुढचं मला तिच्या मैत्रिणीने सांगितलं. बायका म्हणाल्या, वाचून दाखव. ताईने गंमत म्हणून मुद्दाम 'मोठा' उघडलं. पहिल्या दोन वाक्यांना सगळ्या हसल्या, तीही हसली. मग तिचा आवाज बारीक होत गेला, पण ती थांबली नाही. 'धिप्पाड' आलं तेव्हा तो ड्रायव्हर दारातच गाडी भरत होता. 'ओ दादा' ऐकून त्याने मान वर केली. ताईने अकरावं वाक्य संपवलं, पुस्तक मिटलं आणि यंत्र सुरू केलं.

त्या रविवारी ती आली नाही. मी तिच्या घरी गेले तर मला म्हणाली, बसा. मला, जिला तिने कडेवर घेऊन वाढवलं. पाणी दिलं, तब्येत विचारली, दारापर्यंत सोडायला आली. भांडली असती, चार शिव्या दिल्या असत्या तर मी तिच्या पायावर डोकं ठेवलं असतं. पण ती मला 'तुम्ही' म्हणाली आणि मी चपला घालून निघाले. माझ्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या कचेरीला माहीत आहे. पण 'माझं चुकलं' एवढं म्हणायला ती जीभ उचलली नाही. आधी म्हटलं राग ओसरू दे. मग म्हटलं आता खपली कशाला काढायची. अशी नऊ वर्षं गेली.

यंदा कोशाची नवी आवृत्ती काढायचं निघालं आणि ताईच्या पोटात गाठ निघाली, एकाच महिन्यात. मी 'मोठा'ची नोंद मागून घेतली. अकराही वाक्यं काढून टाकली. त्यांच्या जागी समुद्र घातला, डोंगर घातला, धरण, हत्ती, काय वाट्टेल ते. नवे संपादक सही करून मोकळे झाले. शेजारच्या टेबलावरचा जुना सहकारी म्हणाला, बैल गेला नि झोपा केला. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. कार्डं घेतली आणि इस्पितळात गेले. कार्डं दाखवायची आणि माझं चुकलं म्हणायचं, असं अगदी ठरवून गेले.

ती तिच्याच लॉन्ड्रीत धुतलेल्या चादरीखाली झोपली होती, आणि चादरीखाली कुणी आहे हे मला आधी कळलंच नाही. एवढीशी झाली होती. मी स्टूल ओढून एकेक कार्ड वाचलं. तिने डोळे मिटून सगळी ऐकली.

"काढलंस मला," ती म्हणाली.

नऊ वर्षांनी 'तू' आलं. माझा जीव भांड्यात पडला. मी घाईघाईने सांगितलं, हो ताई, सगळं काढलं, एकही ठेवलं नाही.

"मी केवढी आहे ते मला ठाऊक होतं गं," ती म्हणाली. "त्याचं काही नाही. मला वाटायचं, रविवारी तू माझं ऐकतेस. तू लिहून घेत होतीस."

शपथेवर सांगते, मला तिला मिठी मारायची होती. आणि माझा उजवा हात पर्समध्ये पेन्सिल शोधत होता. वाक्य जिवंत होतं, आणि हाताला तेवढंच कळतं. मी हात बाहेर काढला, पण ताईने पाहायचं ते पाहिलं होतं.

"लिही," ती म्हणाली. "विसरशील नाहीतर."

रागाने नाही म्हणाली. मी शाळेत असताना अभ्यास घ्यायची, त्या आवाजात म्हणाली. मग तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी बसून राहिले. नर्स येऊन वेळ संपली म्हणाली, तेव्हा कार्डं गोळा करून उठले. 'माझं चुकलं' म्हणायचं लाजेने राहूनच गेलं.

त्यानंतर दोनदा गेले. एकदा ती झोपेत होती, एकदा डॉक्टर आत होते आणि मी सुटल्यासारखी परत आले. तिसऱ्यांदा, ताई गेली असा फोन आल्यावर गेले. वॉर्डातल्या बायका तिची चादर बदलायला आल्या होत्या. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबा. तिच्या उशीपाशी वाकले आणि तिच्या कानात म्हटलं, ताई, माझं चुकलं. तिचा कान अजून गरम होता.