सोळावं भोक

मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, म्हणून माझ्यावर कुणी कविता केली नाही. स्वीडनमधल्या वेस्तेरोस शहरात, एका चार मजली इमारतीच्या तळघरात, सगळ्यांच्या सामाईक धुलाईखोलीच्या दाराशी मी टांगलेला आहे. माझ्यात पंधरा भोकं होती. सोमवार ते शुक्रवार, दिवसाला तीन पाळ्या, शेवटची संध्याकाळी पाचला संपणारी. प्रत्येक घराला एक छोटं कुलूप. ते भोकात अडकवलं की त्या वेळी मशीन तुमचं.

मित्रांनो, माझं कौतुक फार झालं. माझ्यामुळे भांडणं मिटली म्हणे! पण खरं सांगू? ज्या सुताराने मला घडवलं, त्याची बायको दिवसभर घरी असायची. सगळ्यांच्याच असतात, असं धरून त्याने भोकं पाडली. फळ्यालाही मत असतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मग तिसऱ्या मजल्यावर फिनलंडची मार्यात्ता आली. दोन लहान मुली, एकटीचा संसार. कारखान्यातून घरी यायलाच साडेपाच वाजत. कपडे ती न्हाणीघरात धुवायची, ओल खालच्यांच्या छतात उतरायची. तक्रारी झाल्या. आणखी एक आली तर घर सोडावं लागेल, असं इमारतीच्या रहिवासी मंडळाने कळवलं.

मंडळाच्या सभेत कॉफी आणि दालचिनीचे बन होते. अध्यक्ष फोल्के ब्रांडेल म्हणाला, "बाई, नियम सगळ्यांना सारखा. फळा काही आपपरभाव करत नाही."

मी करत होतो. मला लाज वाटली.

"आणि भोकं कुणी पाडली? आभाळातून पडली का?" मार्यात्ताने विचारलं.

"उगाच इथे तत्त्वज्ञान नको हं!"

"मग कुठे करू, अध्यक्षमहाराज? माझं तर धुणंच त्याच्यावर अडलंय!"

दुसऱ्या दिवशी ती गिरमिट घेऊन खाली उतरली. गुरुवारच्या ओळीखाली, सहा ते नऊ, तिने सोळावं भोक पाडलं आणि आपलं कुलूप अडकवलं. दुखलं मला, पण मी तडकलो नाही.

फोल्के लालबुंद होऊन आला. पण अडकवलेलं कुलूप दुसऱ्याने काढायचं नाही, हा नियम त्यानेच लिहिला होता. तो पाय आपटत वर गेला. पुढच्या सोमवारी आणखी चार बायका मार्यात्ताकडे गिरमिट मागायला आल्या. न्हाणीघरातलं धुणं थांबलं, तक्रारी थांबल्या, तिचं घर टिकलं.

आता माझ्या जागी संगणकाचा पडदा बसणार आहे, बोट लावलं की पाळी देणारा. मला जपा, अशी भीक मी मागणार नाही. खुशाल जाळा! विद्वानांनी आत्म्याचा आणि ताऱ्यांचा विचार जरूर करावा, पण अधूनमधून तळघरातही उतरावं. आणि मित्रांनो, एखादं यंत्र तुम्हाला 'होत नाही' म्हणालं, तर मान खाली घालून परतू नका. हे कुणी ठरवलं, असं विचारा. उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका.