गिनीवरचा हत्ती

लंडनजवळच्या पिनर गावातल्या लीलावतीबाईंच्या देव्हाऱ्यात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स तीस वर्षं हळदीकुंकू लावून घेत बसला होता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा बाईंच्या यजमानांनी बर्मिंगहॅमच्या एका दुकानातून ही सोन्याची गिनी आणली, ती काही राजासाठी नव्हे. तिच्यावर राजाच्या मानेखाली चिमुकला हत्ती होता. हत्ती म्हटल्यावर आपल्या माणसांना दुसरं काय सुचणार? गजलक्ष्मी! दर लक्ष्मीपूजनाला तिला दुधाने आंघोळ. यजमान गेल्यावर तर बाईंनी ती जिवापाड जपली.

२००७ साली ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केल्याला दोनशे वर्षं झाली, म्हणून नात अक्षराला शाळेत प्रोजेक्ट मिळालं. पुस्तकातल्या चित्रात तिला तीच गिनी दिसली.

"आजी, हा हत्ती एका जुन्या ट्रेडिंग कंपनीचा साइन आहे. ते कंपनी आफ्रिकेतून गोल्ड आणायचा, आणि माणसं पण न्यायचा. विकायला."

बाईंना त्या दिवशी घास उतरला नाही. मुलगा विनय म्हणाला, कुणाला कळणार आहे, बँकेत ठेवून देऊ. पण बाई हट्टाला पेटल्या. खात्री करायला त्याला घेऊन त्या केंब्रिजच्या म्युझियममध्ये गेल्या. तिथे त्याच दोनशे वर्षांनिमित्त प्रदर्शन भरणार होतं, आणि नाण्यांचं काम बघणारी ऋजुता पुण्याची निघाली. तिने भिंगातून पाहिलं आणि अक्षराचं म्हणणं खरं असल्याचं चाचरत सांगितलं.

"मग हे तुमच्या प्रदर्शनात ठेव," बाई म्हणाल्या. "आणि खाली लिही, आम्ही याची तीस वर्षं पूजा केली."

विनय कासावीस झाला. लोक हसतील, बाबांचं नाव खराब होईल, म्हणून विनवू लागला. बाईंना तेच झोंबलं. किती हौसेने आणली होती त्यांनी! ऋजुताही हळूच म्हणाली, नाव न देताही चालतं.

बाईंनी डोळे पुसले. "ज्यांना विकलं, त्यांची नावं आहेत का कुठे?"

"बहुतेकांची नाहीत, मावशी."

"मग आमची तरी असू देत."

उखाणा सोडला तर बाईंनी नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. 'हे' आणि 'विनयचे बाबा' यांवर सगळा संसार झाला होता. ऋजुताने फॉर्म पुढे ओढला. बाई ताठ बसल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, "लिही. रघुवीर आणि लीलावती टिपणीस."