बाह्या लावलेलं जाकीट

जयनगरात नरसिंहराव टेलरांचं दुकान. त्यांनी रफू केलं की कुठं फाटलं होतं ते गिऱ्हाइकालासुद्धा सापडायचं नाही. आणि असल्या माणसाच्या पोटी पवनकुमार. सोळा वर्षं झाली, हा गडी फाटकी जीन्स चढवून, गिटार गळ्यात अडकवून, बेंबीच्या देठापासून असा गुरगुरतो की समोरची पोरं येडी होऊन मुंडकी हलवतात. हेवी मेटल म्हणतात त्याला.

आठवडाभर बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात नोकरी, शनिवार-रविवार बँड. दोन अल्बम काढले, चार ड्रमर पळाले, एकदा घशात गाठ आली ती बरी केली. पार शिलाँगला जाऊन गाऊन आला. पण बाहेरच्या देशातून बोलावणं काही येईना. शेवटी पाडव्याला जेवताना बोलून बसला, "यंदा जर्मनीचं जमलं नाही तर गिटार माळ्यावर, अण्णा. मग सुट्टीचं मी दुकानात बसतो."

"सरी, बरं," अण्णा म्हणाले आणि भात कालवत राहिले. हेच ऐकायला म्हातारा सोळा वर्षं थांबला असणार, असं पवनला वाटलं.

रविवारी दुपारी हेब्बाळला एका हॉलात सहा बँड वाजवणार होते. जर्मनीत मेटलची मोठी जत्रा भरते, तिथला माणूस येऊन एक बँड निवडणार. निघताना अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात उभे. "मी पण येतो."

स्टेजमागच्या खोलीत पवननं पिशवी उघडून आतले कपडे बाहेर काढले.

जीन्सचं जाकीट. त्याच्या बाह्या त्यानं पहिल्या शोला स्वतःच्या हातानं टराटरा फाडल्या होत्या. सोळा वर्षं लोंबणारे ते दोरे म्हणजे त्याची शान. आता तिथं बाह्या. कफ, काज, बटणं सगळं. खाली पँट, घडी घालून. गुडघ्यावरची भोकं गायब.

"अण्णा, हे काय केलंत?"

"परदेशी साहेब बघायला येणार म्हणालास ना? असली लक्तरं घालून जायचं होय? काल दुकान बंद ठेवून बसलो. बाह्यांना तसलं कापड मिळेना, चिकपेटेत तीन दुकानं हिंडलो."

ड्रमर त्रिविक्रमनं जाकीट उचलून बघितलं. "आता टाय तेवढा राहिला. बँकेत नोकरी बघतोयस का, पवन?" मग हळूच कानाशी आला, "काळ्या टी-शर्टवर जा रे. ह्यात आपलं वाटोळं होईल."

पवननं पँटीच्या गुडघ्यावरून अंगठा फिरवला. भोक सापडेना. एकेक धागा रंग जुळवून विणलेला. चौऱ्याहत्तर वर्षांचे डोळे.

"आण इकडं," म्हणाला, आणि बटणं लावली.

स्टेजवर गेला तसं खालून कोणतरी ओरडलं, "सार, इन्शुरन्स विकायला आलात काय?" हॉल हसला. पवननं गिटारवर हात मारला आणि घसा सोडला, तसं हसू बंद. पुढच्या रांगेत अण्णा, कानात कापूस, पापणी न हलवता पोराच्या उजव्या हाताकडं बघत बसलेले.

निवडलं मैसूरच्या पोरांना. जर्मन माणसानं पवनचा हात हातात घेतला, गिटारचं कौतुक केलं, अन् गेला.

बसस्टॉपवर दोघं उभे राहिले. पवन म्हणाला, "झालं, अण्णा. पुढच्या शनिवारपासून दुकानात येतो."

अण्णांनी कानातला कापूस काढला. "त्या मैसूरच्या पोराचे दोन्ही गुडघे उघडे होते. घरी बघणारं कोण नाही काय त्याला?"

"असेल की."

अण्णांनी त्याची खांद्यापाशी बाही चिमटीत धरली. "इथं ओढतंय. तू हात एवढा वर नेतोस, मला काय ठाऊक? काखेत कळीचा तुकडा घालून स्वल्प सैल करायला पाहिजे."

"आता कशाला?"

"पुढचा कार्यक्रम कधी?"

"पंधरा तारखेला होता. पण मी पाडव्याला बोललो ना..."

"जेवताना माणूस काय पण बोलतो. शनिवारी ये. बसायला नको, मापाला ये." लांबून बस दिसली तसे अण्णा पुढं सरकले. "आणि येताना ती गिटार आण. हात कुठवर जातो ते टेप लावून बघतो."