मास्तरांचं पायडल

मी जहांगीर मास्तरांची शिलाई मशीन बोलतेय. मुदखेडच्या बाजारगल्लीतलं हे छोटं दुकान माझं घर. मास्तरांच्या वडिलांनी मला जुनीच विकत आणली होती.

मास्तरांचा पाय पायडलवर पडला की मला कळायचं, आज कुर्ता आहे की ब्लाऊज. कुर्त्याला ते भरभर चालवत. ब्लाऊजच्या बाहीला मात्र हलके, श्वास रोखून.

लसीचं शिबिर दुकानासमोरच भरलं होतं, नांदेडच्या एका खासगी दवाखान्याचं. लस टोचायला त्याच दवाखान्यात नोकरीला असलेली, गल्लीतलीच नर्स नागम्मा होती.

"ताप-बीप हाय का, भाई?" तिनं विचारलं.

"न्हाई. थांब, आधी डोळे मिटू दे."

"दिवसभर सुईसंगं बसता अन् एवढ्याशा सुईला भेता?"

रांग हसली. मास्तरही हसले, डोळे मिटूनच.

काही दिवसांनी त्यांच्या पायांतली ताकद गेली. लसीमुळेच, असं कोणी डॉक्टर ठामपणे म्हणेना. लसीमुळे नाहीच, असंही म्हणेना. पुढे ते काठी धरून चालू लागले, पण पायडल मारण्याइतका जोर परत आला नाही.

मग माझ्यापुढं त्यांच्या बायको सुलतानबी बसू लागल्या. त्यांना सरळ शिलाई तेवढी जमते. दुकानात उशांचे अभ्रे आणि परकर उरले. नागम्माचा कापून ठेवलेला ब्लाऊज खुंटीलाच राहिला. मास्तरांनी लावलेल्या भरपाईच्या दाव्यात दवाखान्याबरोबर तिचंही नाव पडलं, तेव्हापासून ती मागच्या गल्लीनं ये-जा करू लागली.

यंदा दवाखाना तडजोडीला तयार झाला. मास्तरांचे वकील सुदर्शनराव मसुदा घेऊन आले आणि माझ्याच फळीवर ठेवून वाचू लागले. पैसे लगेच मिळणार होते. फक्त मसुद्यात एक ओळ होती : नर्सनं तापाची चौकशी न करता लस दिली.

"एवढं मान्य केलं की लोकअदालतीत काम संपलं," वकील म्हणाले.

"तिची नोकरी?" मास्तरांनी विचारलं.

"ते दवाखाना बघेल."

"करा की सही," सुलतानबी म्हणाल्या. "अभ्रे शिवून शिवून मीच अभ्रा झाले."

माझा जीव बॉबिनमध्ये अडकला. मी सगळं ऐकलं होतं. पण मशीनला साक्षीला कोण बोलावतं?

मास्तरांनी खुंटीवरच्या ब्लाऊजकडे पाहिलं.

"वकीलसाहेब, डोळे मिटले होते मी, कान न्हाई. तिनं विचारलं होतं."

"मग तडजोड लांबेल, बघा."

"लांबू द्या."

सुलतानबींनी अभ्रा पुढं ओढला. त्या दिवशी त्यांची सरळ शिलाईही वाकडी गेली.

पुढच्या लोकअदालतीत दवाखान्यानं ती ओळ गाळली. दोष कुणाचाच न ठरवता तडजोड झाली. नागम्माचं नाव दाव्यातून निघालं. दुसऱ्या दिवशी ती आमच्या गल्लीतून आली आणि दारात थांबली.

"भाई, माझा ब्लाऊज?"

"आता माप बदललं असंल तुझं."

"माप हाय तेच हाय. तुम्हीच लई दिवस लावले!"

सुलतानबींनी तिच्यासाठी स्टूल पुढं सरकवलं.

आता भरपाईच्या पैशांतून मला मोटार बसवणार आहेत. खुशाल बसवा. मास्तर पुन्हा कुर्ते शिवतील. पण मिस्त्री म्हणतो, पायडल काढून टाकू, उगाच जागा अडवतं. तेवढं मात्र करू नका. रोज सकाळी दुकान उघडलं की मास्तर त्यावर पाय ठेवून जरा दाब देऊन बघतात.

काल माझं चाक किंचित हललं. त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.