पाठीतला पेन ड्राइव्ह

मित्रांनो, कोल्हापुरातल्या एका पत्र्याच्या खोलीत टेबलाखाली उभा असलेला जुना संगणक मी. माझं वय चौदा. माझ्या वयाचे बहुतेक सगळे केव्हाच भंगारात गेले. मला ठेवलं, कारण ब्रेलची पुस्तकं छापणारं खोलीतलं जुनं यंत्र फक्त माझंच ऐकतं.

ऋतुराज माझा मालक. अंध मुलांची पाठ्यपुस्तकं तो माझ्यावर तयार करायचा. माझी जुनी डिस्क कुरकुरू लागली, तेव्हा त्याने माझ्यात एक कार्ड बसवलं आणि त्याला दोन एसएसडी, म्हणजे नव्या वेगवान डिस्क, जोडल्या. एकीवर लिहिलेलं सगळं दुसरीवरही उमटायचं. एक गेलीच, तर दुसरी राहावी म्हणून. पण माझा मूळ बोर्ड जुना, त्याला त्या कार्डावरून सुरूच होता येईना. मग ऋतुराजने माझ्या पाठीत नखाएवढा पेन ड्राइव्ह खोचला. मी आधी त्याच्यावरून जागा व्हायचो आणि मग डिस्कपर्यंत पोचायचो. "म्हातारं पळतंय की!" म्हणत तो माझ्यावर थाप मारायचा.

जानेवारीत तीन दिवसांच्या तापाने ऋतुराज गेला.

त्याची थोरली बहीण वर्षाराणी रोज खोली उघडायची, झाडायची, बंद करायची. रडायची नाही. कुणी काही विचारलं, तर "हं" म्हणायची. शेजारच्या मोनाने गाणी भरायला पेन ड्राइव्ह मागितला, तेव्हाही तिने न बघताच माझ्या पाठीतला काढून दिला. मोनाने त्यातलं सगळं पुसून गाणी भरली. मला काहीच वाटलं नाही. बंद संगणकाला काय वाटणार?

मग राधानगरीहून केरबा आले. त्यांची मुलगी तेजस्वी बरोबर होती. तिला दिसत नाही. तिची दहावीची परीक्षा महिन्यावर आली होती आणि इतिहासाचं पुस्तक अर्धंच छापून मिळालं होतं. वर्षाराणीने माझं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ आली : सुरू होण्यासाठी डिस्क सापडत नाही.

दुरुस्तीवाला आला. एक एसएसडी काढून त्याने आपल्या लॅपटॉपला लावली. ती माझ्या कार्डाच्या पद्धतीने लिहिलेली, लॅपटॉपला वाचता येईना.

"ह्यात काय बी न्हाय, ताई. फॉरमॅट मारतो."

वर्षाराणी "हं" म्हणाली.

"अवं, पोरीचं पुस्तक हाय की त्यात!" केरबा ओरडले.

ती दचकली. "थांबा," म्हणाली. "हात लावू नका."

तिने ऋतुराजचा मित्र जिनेश याला फोन केला. दुसऱ्या दिवशी तो गडहिंग्लजहून एसटीने आला. एसएसडी जागेवर बसवून त्याने मला उघडून बघितलं आणि माझी पाठ चाचपली.

"डिस्का धडधाकट हायत, ताई. नुसतं दार गेलंय. हितला पेन ड्राइव्ह कुठाय?"

"मीच दिला," वर्षाराणी म्हणाली.

जिनेशने नवा पेन ड्राइव्ह तयार केला. त्याचे दोन प्रयत्न फसले. तिसऱ्या वेळी मी जागा झालो आणि पडद्यावर ऋतुराजचं नाव आलं.

दुपारभर यंत्र खडखडत होतं. तेजस्वीने पहिलं पान मांडीवर घेतलं. तिची बोटं एका ओळीवर थांबली.

"ताई, हितं 'पूर्व'मधला उकार ऱ्हस्व पडलाय. दादा कायम असंच लिहायचा."

"कुठं?"

तेजस्वीने तिचं बोट धरून त्या ठिपक्यांवर ठेवलं. वर्षाराणीने ते बराच वेळ उचललं नाही. मग तिने खुर्ची ओढली आणि ती माझ्यासमोर बसली.

"मला शिकव," ती जिनेशला म्हणाली. "दुरुस्त कसं करायचं ते."

मित्रांनो, आता माझ्या पाठीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे : 'हा पेन ड्राइव्ह काढू नये. मशीन यावरूनच सुरू होते.' तुमच्या घरातलं एखादं यंत्र एकाच माणसाला चालवता येत असेल, तर आजच त्याच्या शेजारी बसा. विचारून घ्या, लिहून ठेवा. ऋतुराजला कुणी विचारलंच नव्हतं.